भुयारातला हसरा वैरी

भुयार म्हटले की अंधार आला, आणि अंधार म्हटला की त्यात दबा धरून बसलेला कोणी तरी वैरी आलाच. हा वैरी दिसावा कसा, हा प्रश्न वरवर पाहता पोरखेळाचा. पण ज्या व्हिडिओ गेममध्ये खेळणारा स्वतः वीराची भूमिका घेऊन भुयारात उतरतो, त्या खेळांचे रूप या प्रश्नाच्या उत्तरानेच घडले आहे.

अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद-फाशांचा खेळ प्रसिद्ध केला, तेव्हा वैरी मुख्यतः शब्दांत राहत असे. एकाने वर्णन करावे, इतरांनी मनात पाहावे. त्यात हिरव्या, बुळबुळीत, निराकार गाळासारखा एक प्रकार होता. स्लाइम त्याचे नाव. १९८१ मध्ये ‘विझर्डरी’ या खेळाने भुयार अ‍ॅपल संगणकावर आणले. दहा मजले, प्रत्येक मजल्यावर आडवी-उभी वीस-वीस घरे, आणि भिंती म्हणजे काळ्या पडद्यावर ओढलेल्या नुसत्या रेघा! वैरी समोर ठाकला तरी ओळख पटेपर्यंत त्याचे नावही मोघमच दिसे. विझर्डरीचे खरे भय, मला वाटते, या न दिसण्यातच आहे.

या खेळाने जपानचे युजी होरी भारावून गेले. परंतु त्यांना हाच आनंद घरोघरच्या मुलांपर्यंत न्यावयाचा होता. त्यांचा ‘ड्रॅगन क्वेस्ट’ २७ मे १९८६ रोजी फॅमिकॉम यंत्रासाठी निघाला. राक्षसांची चित्रे काढली ती ‘ड्रॅगन बॉल’चे चित्रकार अकिरा तोरियामा यांनी. होरी यांनी दिलेले स्लाइमचे कच्चे चित्र गाळाच्या ढिगाचेच होते. तोरियामांनी त्याचा थेंब केला: निळा, टोकदार शेंड्याचा, वाटोळ्या डोळ्यांचा आणि तोंडभर हसणारा.

सबंध खेळ ६४ किलोबाइटांत बसवावयाचा होता. तेव्हा एकच आकृती रंग बदलून पुन्हा वापरणे ओघानेच आले. निळा स्लाइम सर्वांत दुबळा, तांबडा थोडा वरचढ, आणि धातूचा तर हाती लागण्यापूर्वीच पळ काढणारा. काटकसरीतून खेळणाऱ्याला जणू एक लिपीच मिळाली. आकारावरून कूळ ओळखावे, रंगावरून बळ.

मग भय गेले कोठे? ते गुहेत राहिले. तेथे मशाल पेटविल्यावाचून काही दिसत नाही, आणि मशालीचा उजेडही वीराच्या भोवतालच्या घरांपुरताच. कोइची सुगियामा यांची चाल तर प्रत्येक मजला उतरताना अधिक खर्जात व अधिक संथ होत जाते. डोळे मिटून ऐकले तरी आपण किती खोल आलो हे कळावे. (आम्हां रेडिओवाल्यांना ही युक्ती विशेष भावते!)

हसऱ्या तोंडावर तलवार चालविण्यात काही विसंगती आहे, हा आक्षेप मला अगदीच पोकळ वाटत नाही. चेहरा दिला की त्यामागे मन असावे असे वाटू लागते. खेळकर्त्यांनाही ते जाणवले असावे. १९९० च्या चौथ्या भागात स्लाइमच्याच कुळातला एक जीव माणूस होण्याची आस धरून एका शिपायाबरोबर निघतो, त्याच्या जखमा बऱ्या करतो. १९९२ च्या पाचव्या भागात तर हरविलेला राक्षस कधी कधी उठून उभा राहतो आणि मला सोबत न्या म्हणतो. त्यांत तो निळा थेंबही असतो.