मुरकीचा रस्ता

फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या चाकरीतला इंग्रज अधिकारी. त्याची ठगांवरची कादंबरी १८३९ साली आली. ठग वाटसरूशी गोड बोलत, सोबत करत आणि मग रुमालाने गळा आवळत. परक्याची भीती या मुलखात अशी जुनीच. पण १३ जुलै २०१८ रोजी बिदरच्या औराद तालुक्यात उलटेच घडले. हैदराबादहून आलेल्या मित्रांपैकी एकाने शाळकरी पोरांना चॉकलेटे दिली, एवढेच निमित्त. पोरे पळवणारे आलेत, असा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवरून पुढे धावला आणि मुरकी गावात जमावाने त्यांना गाठले. एका तरुणाचा जीव गेला. सोडवायला आलेले पोलीसही जखमी झाले. मला राहून राहून त्यांची आठवण येते. ठगांविरुद्ध निदान माफीचे साक्षीदार तरी मिळत. इथे समोर जमाव आणि पोलीस मूठभर.