नागपूरचा पूर (२३ सप्टेंबर २०२३)

नागपूर शहरात २३ सप्टेंबर २०२३ रोजी पहाटे ढगफुटीसदृश पावसामुळे आलेला पूर. मध्यरात्रीनंतर विजांच्या कडकडाटासह सुरू झालेला पाऊस अवघ्या चार तासांत १०० मिमीहून अधिक झाला. पश्चिमेकडील अंबाझरी तलाव आधीच काठोकाठ भरलेला असल्याने त्याच्या सांडव्यावरून पाण्याचा मोठा लोंढा नाग नदीत उतरला. नदीचे पात्र अतिक्रमणे, भिंती व कमी उंचीच्या पुलांनी आवळलेले. त्यामुळे पाणी वस्त्यांत शिरले. अंबाझरी ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, वर्मा ले-आउट या भागांतील रहिवासी झोपेतच वेढले गेले. सीताबर्डीजवळील मोरभवन बसस्थानकातील बसगाड्याही पाण्यात बुडाल्या.

राष्ट्रीय व राज्य आपत्ती प्रतिसाद दलांनी, तसेच लष्कराच्या तुकड्यांनी नावांतून शेकडो लोकांना बाहेर काढले. काहींचा मृत्यू झाला, हजारो घरांत चिखल साचला.

पावसाच्या आकड्यापुरते पाहता हा दिवस विक्रमी नव्हे. नागपुरात १२ जुलै १९९४ रोजी २४ तासांत सुमारे ३०४ मिमी पाऊस नोंदला गेला होता. २०२३ मध्ये कमी वेळात पडलेला पाऊस आणि निचऱ्याची कोंडी हीच हानीची खरी कारणे ठरतात. तलावाच्या सांडव्याजवळील विवेकानंदांच्या पुतळ्यामुळे प्रवाहाला अडथळा झाल्याची तक्रार रहिवाशांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे नेली.