नियोजित नगरीतील मिस्त्री

फाळणीत लाहोर गमावलेल्या पूर्व पंजाबने स्वतःसाठी जी नवी राजधानी उभारली, तिच्या आराखड्यात माणसाच्या दिनचर्येतील बहुतेक प्रत्येक व्यवहाराला स्थान नेमून दिलेले होते. 1951 मध्ये ल कॉर्बुझिए यांनी चंदीगडची आखणी हाती घेतली, तेव्हा 800 मीटर रुंद व 1200 मीटर लांब असे सेक्टर पाडण्यात आले. प्रत्येक सेक्टरमधून बाजाराचा एक रस्ता काढून, उन्हाचा ताप टळावा म्हणून दुकानांची रांग त्याच्या सावलीच्या बाजूस ठेवण्यात आली. आणि मुख्यमंत्र्यापासून शिपायापर्यंत सरकारी घरांच्या तेरा श्रेणी ठरवून, सर्वांत खालच्या श्रेणीतील कुटुंबालाही दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणी आणि अंगण मिळेल अशी तजवीज झाली. मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू या दांपत्याने आखलेला सेक्टर 22 प्रथम वसला. बाजाराच्या रस्त्यावर दुकानदाराप्रमाणे कारागिराचीही कल्पना केलेली होती. पण ती पक्क्या गाळ्यातल्या, भांडवल आणि भाडे ज्याला पेलते अशा कारागिराची.

ज्याच्याजवळ पाना, पकड आणि कसब यांपलीकडे काहीच नव्हते, तो मनुष्य या नकाशात मावला नाही. म्हणून तो रेहडी, म्हणजे हातगाडी, घेऊन आला. प्रशासनाच्या दप्तरी त्याची नोंद अतिक्रमण अशी झाली. त्याला हटवावे आणि त्याने परतावे, असा क्रम बराच काळ चालला. आणि अखेरीस, ज्या नगरीत बूथपासून मोठ्या इमारतीपर्यंत प्रत्येक दुकानाची श्रेणी ठरलेली, तिलाच रेहडी मार्केट नावाची व्यवस्था मान्य करावी लागली. मधू सरीन यांनी 1982 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चंदीगडविषयक ग्रंथात आराखड्याबाहेरच्या या जगाची कैफियत विस्ताराने मांडली आहे.

स्वयंपाकघरातील उपकरणांचे आयुष्य या बिनबोलावलेल्या माणसावर किती अवलंबून होते, हे त्या उपकरणांच्या घडणीकडे पाहिले म्हणजे ध्यानी येते. रॉकेलच्या पंपाच्या स्टोव्हचे सारे दुखणे पिन, वायसर आणि बर्नर या तीन ठिकाणी असे, आणि तीनही ठिकाणे उघडी असत. 1959 मध्ये मुंबईत हॉकिन्सची स्थापना झाली आणि पुढे प्रेशर कुकर मध्यमवर्गाच्या घरोघरी पोहोचला; त्याचीही शिटी, रबरी गास्केट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह भांड्यांच्या दुकानात सुटे मिळत. वाफेच्या दाबाचे हे भयप्रद वाटणारे यंत्र गृहिणीने निर्धास्तपणे आपलेसे केले, याचे एक कारण असे की त्याचा जो भाग झिजायचा, तो स्वतः बदलण्याइतकी मोकळीक बनवणाऱ्याने तिला दिलेली होती.

विजेच्या यंत्रांची कथा किंचित निराळी आहे. 22 ऑक्टोबर 1963 रोजी भाक्रा धरण राष्ट्राला अर्पण झाले आणि या प्रदेशाला विपुल विजेची आशा लाभली. त्याच दशकात मुंबईत माधुरी माथुर यांच्या घरचा जर्मन बनावटीचा मिक्सर, मुळात हलके घुसळण करण्यासाठी घडवलेला असल्यामुळे, आपल्याकडील भिजल्या डाळी व कोरडे मसाले वाटता वाटता जळून गेला. दुरुस्तीची सोय येथे होईना, तेव्हा त्यांचे पती, सीमेन्समध्ये अभियंता असलेले सत्यप्रकाश माथुर, यांनी आपल्या वाटणाला टिकेल अशी मोटर सिद्ध केली. सुमीत मिक्सरचा जन्म असा एका निकामी यंत्रातून झाला. या पिढीचे मिक्सर बिघडत नसत असे नाही. कार्बन झिजत, बुश सैल होई, कपलरचे दाते तुटत, वाइंडिंग जळे. पण खालचे चार स्क्रू काढले की सारे यंत्र डोळ्यांसमोर येई, आणि कोणताही कसबी मिस्त्री तांब्याची तार नव्याने गुंडाळून मोटर पुन्हा चालू करू शके.

आजच्या गृहस्थाचा वैताग येथूनच सुरू होतो. मायक्रोवेव्ह, इंडक्शनची शेगडी, इन्व्हर्टर फ्रिज आणि पंजाबी फोडणीचा धूर ओढणारी चिमणी, या सर्वांचा कारभार आता एका इलेक्ट्रॉनिक कार्डाकडे गेला आहे. विजेचा दाब एकदा उसळला की कार्ड उडते. त्यावरील दोषी घटक क्षुद्र किमतीचा असला तरी कार्डाच्या परिपथाचा नकाशा मिस्त्रीच्या हाती नसतो, म्हणून अख्खे कार्ड बदलावे लागते. आणि ते जुन्या नमुन्याचे असल्यास कंपनीचा तंत्रज्ञ नवे यंत्र घेण्याचा सल्ला देऊन निघून जातो. वस्तुतः ही यंत्रे जुन्यांपेक्षा कमी वीज खातात आणि अधिक कामे करतात. त्यांना केवळ नवेपणाबद्दल दोष देणे अन्यायाचे होईल. दोष आहे तो त्यांच्या घडणीत मिस्त्रीला वगळण्याच्या धोरणाचा.

कायदा या प्रश्नाकडे उशिरा वळला. 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष मालाविरुद्ध दाद मागण्याची सोय केली. परंतु हमीची मुदत संपल्यावर सुटा भाग किती वर्षे मिळावा, हा प्रश्न उरलाच. जुलै 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, आणि वस्तू कितपत दुरुस्तीयोग्य आहे याचा निर्देशांक ठरवणाऱ्या दुसऱ्या समितीने मे 2025 मध्ये आपला अहवाल सादर केला. असा निर्देशांक काही वस्तूंवर छापण्याची सक्ती फ्रान्सने, ज्या देशाचे नागरिकत्व चंदीगडच्या शिल्पकाराने पत्करले होते त्या देशाने, 2021 पासूनच केली आहे.

चंदीगडच्या इतिहासाचा अन्वयार्थ या ठिकाणी उपयोगी पडावा. आराखडा कितीही प्रज्ञेने काढलेला असो, तो झिजतो, मोडतो आणि कोणाच्या तरी हातून नीट करून घ्यावा लागतो; तो हात नाकारणाऱ्या प्रशासनाला त्याच्याशी तडजोड करणे भाग पडले. कारखानदारांवर ती पाळी केवळ सद्बुद्धीने येणार नाही. यंत्राच्या जोडणीत डिंकाऐवजी स्क्रू, सुट्या भागांची रास्त किंमत आणि कार्डाचा नकाशा, एवढ्या तीन गोष्टींची सक्ती कायद्याने केली, तर रेहडी मार्केटमधील मिस्त्री बाकीचे पाहून घेईल.