स्वतःची 'युटिलिटी लायब्ररी' म्हणजे काय? कोडिंग शिकताना ती का लिहून बघावी?

२२ मार्च २०१६. त्या दिवशी जगभरातल्या हजारो डेव्हलपर्सना अचानक एरर दिसायला लागल्या. शोध घेतल्यावर कळलं, की 'लेफ्ट-पॅड' नावाचं एक पॅकेज 'एनपीएम' या कोडच्या ऑनलाइन भांडारातून गायब झालंय. एका नावावरून झालेल्या वादात प्रोग्रामरने आपली सगळी पॅकेजेस काढून घेतली होती, त्यातलंच हे एक. त्यात कोड होता जेमतेम ११ ओळींचा! काम काय, तर मजकुराच्या डावीकडे स्पेस किंवा शून्यं भरायची. म्हणजे ७ चं ००७ करायचं. पण 'बॅबल'सारखी मोठी टूल्स त्यावर अवलंबून होती. शेवटी एनपीएमने काही तासांत ते परत आणलं.

११ ओळी लोकांनी स्वतः का लिहिल्या नाहीत, यावर तेव्हा बरीच चर्चा झाली.

युटिलिटी फंक्शन म्हणजे काय?

प्रोग्राममध्ये वारंवार लागणारं एखादं छोटं काम करून देणारा कोडचा तुकडा. यादीतली दुबार नावं काढणं, आकड्यात स्वल्पविराम टाकणं, वगैरे. अशी फंक्शन्स एका फाइलमध्ये ठेवली की झाली लायब्ररी. जावास्क्रिप्टमध्ये २००९ मध्ये आलेली 'अंडरस्कोर' आणि २०१२ मध्ये आलेली 'लोडॅश' ही याची प्रसिद्ध उदाहरणं.

मग सगळं तयार मिळत असताना आपण का लिहायचं? कारण व्हिडिओ बघताना सगळं समजतं आणि कोरी फाइल उघडली की हात थांबतात. कोडिंग शिकणाऱ्या बहुतेकांची हीच तक्रार असते.

सुरुवात आकड्यांपासून करा

१२३४५६७ हा आकडा १२,३४,५६७ असा दाखवायचाय. नियम सोपा: शेवटचे तीन अंक वेगळे, पुढे उजवीकडून दोन-दोनचे गट. मी पत्रकारितेची पदवीधर, कोडिंगशी तसा संबंध नाही. तरी हे अर्ध्या तासात जमलं. मग उणे १०० टाकून बघितलं. उत्तर आलं '-,१००'. माझ्या कोडने उणे चिन्हालाही अंक समजून त्यापुढे स्वल्पविराम दिला होता! १२३४.५ दिल्यावर तर '१,२३,४.५' असं काहीतरी आलं, कारण दशांशचिन्हही अंकांतच मोजलं गेलं.

खरा अभ्यास इथून सुरू होतो. शून्य दिलं तर? काहीच दिलं नाही तर? कुणी देवनागरी अंक टाकले तर? पायथॉनचं 'इंट' फंक्शन '१२३' हे बरोबर एकशे तेवीस म्हणून वाचतं, जावास्क्रिप्टचं 'नंबर' मात्र हा आकडाच नाही म्हणून सांगतं.

मराठी शब्द उलटा करून बघा

शब्द उलटा करणं हा ट्युटोरियलमधला ठरलेला प्रश्न. इंग्रजीत तो चालतो. 'मराठी' टाका आणि बघा. आपल्याला तीन अक्षरं दिसतात, कॉम्प्युटर पाच मोजतो: म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. उलटं केल्यावर वेलांटी सगळ्यात पुढे लोंबकळते आणि काना 'र' सोडून 'ठ'ला चिकटतो. हवं होतं 'ठीराम'. युनिकोड म्हणजे काय, हे मला चार लेख वाचून कळलं नव्हतं ते या एका बिघाडाने कळलं.

कसं करायचं?

पाच-सहा फंक्शन्स पुरेत. प्रत्येकासाठी आधी कागदावर लिहा, काय दिलं तर काय यायला हवं. मग कोड. तो चालला की तयार लायब्ररीतलं तेच फंक्शन उघडून वाचा. लोडॅशचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे. आपण काय विसरलो ते तिथे दिसतं. एआयची मदत घ्यायची तर कोड लिहून मागू नका, 'माझं फंक्शन कशाने बिघडेल?' हे विचारा.

आणि हो, ही लायब्ररी सरावापुरतीच. पासवर्ड किंवा पैशांचा हिशेब असेल तिथे तपासलेली, तयार लायब्ररीच वापरा. १.००५ ला १०० ने गुणून जवळच्या पूर्णांकात आणलं, तर जावास्क्रिप्ट १०१ ऐवजी १०० देतं. बिलात असा फरक परवडत नाही.

माझ्या फाइलमध्ये सध्या चार फंक्शन्स आहेत. पाचवं लीप वर्ष ओळखायचं आहे. चारने भाग जातो का, एवढंच तपासलं होतं. १९०० टाकल्यावर ते चुकलं.