बिनपाण्याची हजामत

एखाद्याला कोणी चांगलेच फैलावर घेतले, की आपण म्हणतो, ‘त्याची अगदी बिनपाण्याने हजामत केली.’ वाचकहो, हा वाक्प्रचार जरा लक्ष देऊन ऐका. भाषेने येथे साबणाचे नाव घेतलेले नाही, पाण्याचे घेतले आहे. साबणावाचून दाढी होऊ शकते, पाण्यावाचून केली तर डोळ्यांत पाणी येते, हे आपल्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते.

गावचा न्हावी धोकटी उघडी, वाटीत पाणी घेई आणि बोटांनी दाढी चोळचोळून भिजवी. मग वस्तरा. बारा बलुतेदारांपैकी तो एक. सुगीला खळ्यावर मिळणारे धान्य हा त्याचा मोबदला. त्याचा हात इतका सरावलेला असे, की नुसत्या पाण्यावर त्याचे काम भागे.

मग साबणाचे एवढे माहात्म्य कशाने वाढले? त्यासाठी थोडे दूर, फ्रान्सात जावे लागेल. युरोपातील न्हावी फेस वापरीत होतेच. पण तेथेही वस्तरा होता तो परक्याच्या हाती. १७६९ च्या सुमारास झाँ-झाक पेरे नावाच्या कारागिराने एक ग्रंथ लिहिला. हा गृहस्थ चाकू-वस्तरे घडविणारा, आणि ग्रंथाचा विषय काय, तर आपली दाढी आपणच करण्यास कसे शिकावे! आज यात आपल्याला काही विशेष वाटत नाही. परंतु नवशिक्या हाताला, तोही आरशात उलटसुलट पाहणाऱ्या हाताला, पाण्यापेक्षा अधिक आधार हवा होता. तो आधार फेसाने दिला.

आता हा फेस नेमके करतो काय? पुष्कळांची समजूत अशी, की साबणच केस मऊ करतो. केस मऊ करते ते पाणी. कोरडा केस चिवट असतो. दोन-तीन मिनिटे पाणी मुरले, की तो फुगतो आणि पात्याला सहज वश होतो. साबण केसांवरचा तेलकटपणा काढून पाण्याला वाट करून देतो, फेस ते पाणी गालावर धरून ठेवतो आणि पाते घसरण्यासाठी निसरडेपणा देतो. थोडक्यात, फेस म्हणजे पाण्याचे भांडे!

हे भांडे गळके नसावे, यासाठी रसायनशास्त्र कामी आले. शेव्हरल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२३ मध्ये चरबीवरील आपले संशोधन ग्रंथरूपाने मांडले. चरबीतून स्टिअरिक आम्ल निराळे करता येते, हे त्याने दाखविले. पुढे मेणबत्त्यांना उपयोगी पडलेला तोच हा पदार्थ. त्याच्या साबणाचा फेस दाट आणि टिकाऊ होतो. खोबरेल तेलाचा फेस झटकन येतो, पण लवकर विरतो. शिवाय सोडियमच्या क्षाराने साबण कडक होतो, पोटॅशियमच्या क्षाराने मऊ. दाढीच्या साबणाची सारी कला या चौघांच्या प्रमाणात आहे. अंघोळीची वडी दाढीला का पुरत नाही, त्याचे उत्तरही हेच.

विसाव्या शतकात स्वतःची दाढी स्वतः करण्याची चाल जगभर पसरली. जिलेटचा सुरक्षित वस्तरा १९०३ मध्ये बाजारात आला, तेव्हा पहिल्या वर्षी खपले अवघे ५१ वस्तरे. पण पहिल्या महायुद्धात विषारी वायू आला. वायूपासून बचाव करणारा मुखवटा दाढीवर घट्ट बसेना. म्हणून रोज गुळगुळीत दाढी हा शिपायाच्या जिवाचा प्रश्न झाला. अमेरिकेने आपल्या सैनिकांसाठी जिलेटचे सुमारे ३५ लाख वस्तरे घेतले.

आणि येथेच एक भयंकर गोष्ट घडली. फेस करावयास ब्रश हवा. चांगला ब्रश बिज्जूच्या केसांचा, तो महाग. तेव्हा घोड्याचे केस रंगवून स्वस्त नकला होऊ लागल्या. पूर्वी आशियातून येणारा हा माल युरोपात निर्जंतुक होऊन पुढे जाई. युद्धाने ती वाट बंद झाली, आणि कच्चे केस तसेच कारखान्यांत पोहोचू लागले. त्या केसांत काळपुळीचे जंतू होते. गुरांच्या ज्या रोगाला आपला शेतकरी फाशी म्हणतो, तोच हा रोग. ओरखडा पडलेल्या गालावर ब्रश फिरे आणि जंतू आत शिरत. ब्रिटन व अमेरिकेत दोनशेहून अधिक माणसांना असा संसर्ग झाला, काही दगावली. अखेर १९२० मध्ये ब्रिटनने जपानी ब्रशांच्या आयातीस बंदी केली.

योगायोग पाहा, बिनब्रशचे ‘बार्बासोल’ हे क्रीम अमेरिकेत याच सुमारास, १९१९ मध्ये निघाले. १९४९ मध्ये दाबताच फेस देणारा डबा आला. सोय झाली खरी. पण डब्यातला फेस आयता असतो, त्यात आपल्या मर्जीप्रमाणे पाणी घालता येत नाही.

आपल्याकडे प्रश्न निराळा होता. विलायती साबणात बहुधा गुरांची चरबी असे, आणि ती तोंडाला लावणे अनेकांना मान्य नव्हते. मुंबईच्या अर्देशीर गोदरेज यांनी १९१८ मध्ये वनस्पती तेलांपासून साबण केला. तो खास दाढीचा नव्हता. पण चरबीवाचून उत्तम साबण होतो, हे त्याने पटविले.

तेव्हा साबण निवडताना वासावर आणि डबीच्या रंगावर भुलू नये. वेष्टनावरील घटकांत स्टिअरिक आम्ल आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड आरंभीच दिसले, तर पाया ठीक समजावा. मेंथॉलने गारवा वाटतो, पाते काही अधिक चांगले चालत नाही. विहिरीचे पाणी जड असेल, तर त्यातला चुना साबण खाऊन टाकतो. अशा वेळी उकळून निवविलेले पाणी घ्यावे. प्रथम तोंड कोमट पाण्याने चांगले भिजवावे. ब्रश ओला करून झटकावा, साबणावर अर्धा मिनिट फिरवावा. क्रीम असेल तर बदामाएवढे पुरे. मग थेंबथेंब पाणी घालीत जावे. मोठे बुडबुडे दिसले तर पाणी फार झाले. फेस गालावर सुकू लागला तर कमी पडले. सायीसारखा चकचकीत झाला, की तो जमला. काम झाल्यावर ब्रश धुऊन उघड्या हवेत वाळवावा, आणि एकाचा ब्रश दुसऱ्याने वापरू नये. सलूनमध्येही नवे पाते आपल्या डोळ्यांदेखत लावून घ्यावे. ज्याला आपण गाल देतो, त्याला एवढे विचारण्यात संकोच कसला?

साबण विलायती की देशी, वडी की क्रीम, हे ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे आणि आवडीप्रमाणे ठरवावे. मात्र घाईच्या सकाळी वेळ वाचवायचाच झाला, तर तो पात्यापाशी वाचवावा, पाण्यापाशी नव्हे.