चित्र आले, आवाज नाही : दूरदर्शन संच आणि घरगुती संगणक



ह्या व्याख्यानासाठी इतिहासाचा विषय निवडावा, अशी शाळेची सूचना आली. बसवकल्याणचे चालुक्य किंवा बीदरचे बहमनी ह्यांच्याकडे वळणे सोपे होते. परंतु त्यांवर बोलण्यास माझ्याहून अधिकारी माणसे ह्याच सभागृहात बसलेली आहेत. मी घेतलेला इतिहास जेमतेम पन्नास वर्षांचा आहे आणि त्याची साधने ताम्रपटांपेक्षा फार लवकर नाहीशी होत आहेत. दूरदर्शन संच व घरचा संगणक ह्यांचे नाते कसे जुळले आणि कसे तुटले, हा तो विषय होय.

आपल्या भागापुरता ह्याचा आरंभ १ ऑगस्ट १९७५ रोजी झाला. अमेरिकेच्या 'एटीएस-६' ह्या उपग्रहाच्या साहाय्याने भारताने सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत शैक्षणिक दूरदर्शनचा प्रयोग सुरू केला. 'साइट' ह्या नावाने तो ओळखला जातो. कर्नाटकात त्यासाठी गुलबर्गा, विजापूर व रायचूर हे जिल्हे निवडले होते. (गुलबर्ग्याचे कलबुर्गी हे नाव अधिकृत झाले ते २०१४ साली; मी जुनेच नाव वापरतो, ते सवयीने.) बीदर त्यात नव्हता. परंतु माझ्या मामांचे गाव गुलबर्गा जिल्ह्यात, आणि त्या २,४०० गावांपैकी एक. सुट्टीत तेथे गेलो असता चावडीच्या माळवदावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची, दहा फूट व्यासाची एक छत्री आकाशाकडे तोंड करून बसलेली पाहिली. आम्हां मुलांना ती पाणी साठविण्यासाठी असावी असे वाटले, आणि तळाशी पाणी का राहत नाही ह्यावर आमचा वादही झाला.

त्या छत्रीखाली एक छोटी पेटी असे. उपग्रहाकडून ८६० मेगाहर्ट्झवर येणारा संदेश संचाला समजेल अशा रूपात आणणे, हे तिचे काम. पुढे मी जे जे यंत्र पाहिले, त्याची मूळ कल्पना ह्या पेटीत होती, असे आज म्हणता येते. ह्या योजनेत आणखी एक सोय होती, आणि ती सीमाभागातल्या माणसाला विसरता येत नाही. एका चित्राबरोबर दोन ध्वनिमार्ग येत. आंध्र व कर्नाटकासाठी चित्र एकच. एका मार्गाने तेलुगू, दुसऱ्याने कन्नड. घरी मराठी, बाजारात कन्नड आणि मोटारतळावर दखनी बोलणाऱ्या आम्हां मंडळींना तिसरा मार्ग नव्हता. ही तक्रार नव्हे. मामांच्या गावातील मराठी बायका कन्नड शेतीवार्ता व्यवस्थित समजून घेत आणि त्यावर मराठीत टीका करीत.

३१ जुलै १९७६ रोजी प्रयोग संपला आणि ठरल्याप्रमाणे उपग्रह अमेरिकेकडे परत वळला. १९७७ मध्ये गुलबर्ग्यास जमिनीवरील प्रक्षेपण केंद्र झाले. राजेश्वरात आम्ही पुढे उंच बांबूंना ॲन्टेना बांधून जे पाहिले, त्यात चित्रापेक्षा मुंग्याच अधिक असत.

संगणकाचा प्रवेश ह्यानंतरचा. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या 'क्लास' योजनेतून सुमारे २५० शाळांत ब्रिटनचे 'बीबीसी मायक्रो' संगणक गेले. घरगुती संगणक मात्र आपल्या बाजूस पुण्याहून आला, असे म्हणावयास हरकत नाही. तेथील डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स ह्या कंपनीने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश 'स्पेक्ट्रम प्लस' आपल्या नावाने विकला. ४८ किलोबाइट स्मृती, प्रोग्राम साठविण्यास गाण्यांचा कॅसेट रेकॉर्डर, आणि पडदा म्हणून घरचाच दूरदर्शन संच! संगणकाची तार ॲन्टेनाच्या जागी जाई. म्हणजे बातम्यांची वेळ झाली की संगणक बंद. त्या काळी संगणक संचाच्या आश्रयाने राहत असे. दहा-बारा वर्षांत संच संगणकाच्या पोटात शिरला.

हे घडविणाऱ्या पट्टीस ट्यूनर कार्ड म्हणतात. तिच्यावर पत्र्याची एक बंद डबी असते. ती हवेतील किंवा केबलमधील एक वाहिनी निवडते. तिच्याशेजारची चिप चित्राचे आकड्यांत रूपांतर करते. आपल्याकडील 'पाल' पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे. प्रत्येक चित्राचे ७६८ गुणिले ५७६ ठिपके आणि ठिपक्यास दोन बाइट धरले, तर सेकंदास सुमारे २२ मेगाबाइट होतात. जुन्या 'आयसा' खाचेस हा लोंढा पेलत नसे. १९९२ मध्ये आलेल्या 'पीसीआय' खाचेने तो सहज पेलला, आणि ब्रूकट्रीची 'बीटी ८४८' ही चिप चित्र थेट संगणकाच्या स्मृतीत टाकू लागली, तेव्हा ही कार्डे सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. पाहणे सोपे झाले, साठविणे मात्र नव्हे. न दाबता एक तास साठवायचा तर जवळजवळ ८० गिगाबाइट लागत, आणि २००० साली माझ्या संगणकाची तबकडी आठ गिगाबाइटची होती.

माझे पहिले कार्ड अमेरिकेतून आले. भाच्याने मोठ्या प्रेमाने आणले. चित्र आले, आवाज नाही! दोन दिवस मी तारा बदलीत बसलो. कारण साधे होते. आपल्याकडे ध्वनी चित्राच्या वाहकापासून साडेपाच मेगाहर्ट्झवर असतो, अमेरिकेत साडेचारवर; ती डबी चुकीच्या जागी कान लावून बसली होती. अखेर सिकंदराबादच्या संगणक-बाजारातून दुसरे आणले आणि अमेरिकन कार्ड फडताळात गेले.

ते बाहेर निघाले ते शाळेच्या कामासाठी. ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते, त्या गुरुजींचे बोलणे एकाच ठिकाणी टिकून आहे : १९८८ च्या निरोप समारंभाच्या व्हीएचएस कॅसेटवर. ती फडताळातच पडून होती व तिच्या कडेला बुरशी आली होती. कार्डावर डबीखेरीज पिवळ्या तारेची एक जागा असते. तेथून येणारे चित्र डबीला वळसा घालून थेट चिपकडे जाते, आणि चिपला 'पाल' उत्तम समजत होते. आवाज वेगळ्या तारेने ध्वनिकार्डात घेतला. तरी चाळीस मिनिटांनंतर गुरुजींचे ओठ आणि शब्द ह्यांत पाऊण सेकंदाचे अंतर पडले, कारण दोन्ही कार्डांची घड्याळे वेगळी. मग दहा-दहा मिनिटांचे तुकडे केले. मराठीत बोलता बोलता मधेच विद्यार्थ्याला कन्नडमध्ये दरडावण्याची त्यांची लकब त्यांत जशीच्या तशी आली आहे.

केबलचे जुने प्रसारण मार्च २०१७ पर्यंत कायद्याने बंद झाले. दूरदर्शनची जमिनीवरील जुनी केंद्रेही २०२२ पर्यंत बहुतेक मिटली. पत्र्याच्या डबीला आता ऐकण्यासारखे काही उरलेले नाही. पिवळ्या तारेची जागा तेवढी उपयोगी आहे, पण नव्या संगणकांत पीसीआय खाच मिळत नाही आणि कॅसेट चालविणारी यंत्रे बनविणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने २०१६ साली ते काम थांबविले.

शाळेकडे ह्या मालेच्या आणखी अकरा कॅसेटी आहेत. प्रयोगशाळेतील जुना संगणक चालू आहे. माझे यंत्र मी आणून ठेवले आहे. त्याचे रबरी पट्टे झिजले आहेत. एक कॅसेट उतरविण्यास तिच्या लांबीइतकाच वेळ लागतो, आणि जवळ कोणीतरी बसावे लागते. ज्यांना रविवारी येणे जमेल त्यांनी मुख्याध्यापकांकडे नाव द्यावे.