सिंहगड : पोथींतला, कादंबरींतला आणि पडद्यावरचा

एकाच रात्रीची एकच लढाई. परंतु बखरकार ती सांगतो एका रीतीनें, शाहीर गातो दुसऱ्या रीतीनें, कादंबरीकार लिहितो तिसऱ्या रीतीनें आणि चित्रपट दाखवितो चौथ्या रीतीनें. शके १५९१ च्या माघ वद्य नवमीच्या रात्रीं, म्हणजे इंग्रजी सन १६७० च्या फेब्रुवारीच्या आरंभीं, तानाजी मालुसऱ्यानें कोंढाण्याचा कडा चढून किल्ला घेतला आणि त्याच किल्ल्यावर देह ठेवला, एवढी गोष्ट चौघांनाहि मान्य आहे. पुढें मात्र प्रत्येकाची वाट निराळी होते. या वाटा कोठें फुटतात व कां फुटतात, हें पाहण्यास नाशिकसारखें दुसरें ठिकाण क्वचित् सांपडेल. सन १८४० पासून सार्वजनिक वाचनालयाची परंपरा सांगणारें हें गांव जसें ग्रंथवाचकांचें, तसेंच तें दादासाहेब फाळक्यांमुळें हिंदी चित्रपटाच्या बालपणाचेंहि गांव आहे. शिवाय सिंहगडाच्या गाण्यावर सरकारची वक्रदृष्टि वळली, ती ज्या तरुणांमुळें, तेहि याच गांवचे.

प्रथम मूळ वृत्तांत पाहूं. सन १६६५ च्या पुरंदरच्या तहानें तेवीस किल्ले मोगलांच्या स्वाधीन झाले, त्यांत कोंढाणा होता. पांच वर्षांनीं तह मोडला तेव्हां गेलेले किल्ले परत घेण्याचा उद्योग सुरू झाला. कृष्णाजी अनंत सभासद यानें राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस बखर लिहिली. लढाईनंतर तीसएक वर्षांच्या आंतील हा मजकूर. सभासदाच्या सांगण्याप्रमाणें तानाजी पांचशें मावळे घेऊन गडाखालीं गेला. चढण्यांत निष्णात असे दोघे मावळे निवडून त्यानें कड्यावर चढविले आणि त्यांच्या मागून बाकीचे वर गेले. किल्लेदार उदेभान रजपूत आपल्या लोकांसह सावध होऊन आला. तानाजीची ढाल तुटली, दुसरी वेळेवर मिळाली नाहीं, तेव्हां डाव्या हाताचीच ढाल करून तो लढला, आणि दोघेहि वीर परस्परांच्या घावांनीं पडले. मग तानाजीचा भाऊ सूर्याजी यानें लोकांस धीर देऊन गड काबीज केला, व गवताच्या पागा पेटवून राजगडावर महाराजांस इशारा दिला. एक गड हातीं आला खरा, पण दुसरा गेला, अशा अर्थाचे महाराजांचे उद्गार सभासद नोंदवितो, आणि येथेंच त्याची गोष्ट संपते. सारी हकीकत पानादोनपानांची.

या हकीकतींत घोरपड नाहीं. रायबाचें लग्न नाहीं. ऐंशीं वर्षांचा शेलारमामा नाहीं. जिजाबाईंनीं फासे खेळून डाव जिंकला व कोंढाणा मागितला, हाहि प्रसंग नाहीं. ही सारी संपत्ति शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्याची आहे. हा पोवाडा अॅक्वर्थसाहेब व शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या संग्रहांतून सन १८९१ सालीं छापून निघाला व सुशिक्षितांच्या हातीं आला. त्यापूर्वीं तो लोकांच्या कानीं होता. शाहिराला डफाच्या तालावर रात्रभर श्रोते जागे ठेवावयाचे असतात. त्याला मुलाच्या लग्नाची अक्षत घेऊन आलेला बाप पाहिजे, लग्न सोडून लढाईस निघालेला वीर पाहिजे, आणि कडा चढणारी घोरपडहि पाहिजे. अशा ठिकाणीं शाहीर खोटें बोलला असें म्हणणें अरसिकपणाचें होईल. पराक्रमाचें मोल घरगुती सुखाच्या वजनांनीं तोलल्याखेरीज तें सामान्य माणसाला उमगत नाहीं, एवढें तो जाणत होता.

हरि नारायण आपटे यांनीं विसाव्या शतकाच्या अगदीं आरंभीं 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी लिहिली, तेव्हां हीं दोन्ही साधनें त्यांच्यापुढें होतीं. हरिभाऊंचा वाचक मात्र शाहिराच्या श्रोत्याहून वेगळा होता. 'करमणूक' साप्ताहिकाची वाट पाहणारा, दिव्यापाशीं बसून घरच्या बायकामुलांना मोठ्यानें वाचून दाखविणारा असा तो गृहस्थ होता. त्याला एका रात्रीची चकमक पुरत नव्हती. त्याला कारस्थान हवें होतें, गुप्त निरोप हवे होते, आतां पुढें काय, ही हुरहूर हवी होती. म्हणून हरिभाऊंनीं गडाच्या आंत एक दुसरी गोष्ट रचली. सती जाण्यास निघालेली कमलकुमारी ही रजपूत स्त्री उदेभानाच्या बंदींत पडते, आणि तिची सुटका व गडाची सुटका या दोन गोष्टी एकमेकींत गुंतत जातात. सभासदाच्या बखरींत या बाईचा पत्ता नाहीं. परंतु तिच्यामुळें कादंबरीचा सारा तोल बदलतो. बखरींतला उदेभान हा शत्रूचा असला तरी शूर किल्लेदार आहे. कादंबरींतला उदेभान दुष्ट होतो. गड घेण्याला राजकारणाचें एक कारण होतें, त्याला आतां अबलारक्षणाचें दुसरें कारण जोडलें जातें.

येथें हरिभाऊंवर दोष ठेवण्यापूर्वीं त्यांच्या काळाकडे पाहिलें पाहिजे. परक्या सत्तेखालीं राहणाऱ्या वाचकाला स्वराज्य हा शब्द उघडपणें उच्चारतां येत नव्हता. पण बंदींत पडलेली कुलस्त्री व तिला सोडविण्यास निघालेला वीर, हें रूपक कळण्यास त्याला टीकाकाराची गरज नव्हती. कादंबरीला कोणी हात लावला नाहीं. गाण्याची गोष्ट वेगळी झाली. सन १९०० च्या सुमारास नाशकांत सावरकर बंधूंचा मित्रमेळा उभा राहिला. त्यांत कवि गोविंद, म्हणजे गोविंद त्र्यंबक दरेकर, यांच्यासारखा पोवाडे रचणारा कवि होता. याच मंडळींतील विनायकरावांनीं सिंहगडाचा पोवाडा रचला, आणि सरकारनें त्यावर बंदी घातली. कादंबरी चालते, पोवाडा चालत नाहीं, याचें कारण उघड आहे. कादंबरी एक घर वाचतें, पोवाडा अख्खी आळी गाते. विषय एकच असला तरी तो कोणत्या वाटेनें लोकांच्या अंतःकरणांत शिरतो, त्यावर त्याचें सामर्थ्य ठरतें, हें वाचकांच्या आधीं राज्यकर्त्यांनीं ओळखलें होतें.

मग चित्रपटाचें काय? त्र्यंबकेश्वरीं ३० एप्रिल १८७० रोजीं जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळक्यांनीं सन १९१३ मध्यें मुंबईस 'राजा हरिश्चंद्र' दाखविला आणि त्याच वर्षीं आपला कारखाना नाशकास आणला. 'मोहिनी भस्मासुर', 'सत्यवान सावित्री', 'लंकादहन' हीं चित्रें येथलीं. सन १९१८ मध्यें हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली, आणि 'श्रीकृष्णजन्म' व 'कालियामर्दन' यांनीं प्रेक्षकांना वेड लावलें. फाळक्यांचें मन पुराणकथेंत रमलें. गुप्त होणारे देव, डोहांतून वर येणारा कृष्ण, पेटलेली लंका, असे चमत्कार कॅमेऱ्याला जे साधतात ते दुसऱ्या कोणत्याहि कलेला साधत नाहींत, हें त्यांनीं प्रथम हेरलें. पुराणाला दुसरीहि एक सोय होती. मूक चित्राच्या प्रेक्षकाला ती गोष्ट आधींच ठाऊक असे. त्यामुळें शब्दांची उणीव भासत नसे.

इतिहासाचा कडा चढण्याचें काम कोल्हापूरकरांनीं केलें. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनें सन १९२३ मध्यें हरिभाऊंच्या कादंबरीवरून 'सिंहगड' हा मूकपट काढला. रात्रीची लढाई रात्रीसारखी दिसावी म्हणून त्यांनीं कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. त्या काळीं बहुतेक चित्रें उन्हांत घेतलीं जात, हें ध्यानीं घेतलें म्हणजे या धाडसाची किंमत कळते. शेलारमामाचें काम त्यांत एका तरुण नटानें केलें. तो नट म्हणजे शांताराम वणकुद्रे. दहा वर्षांनीं, सन १९३३ मध्यें, प्रभात कंपनीचा 'सिंहगड' हा बोलपट निघाला, तेव्हां त्याचे दिग्दर्शक हेच व्ही. शांताराम होते. आधार पुन्हा हरिभाऊंची कादंबरी, आणि संवाद व पदें गोविंदराव टेंब्यांचीं. मधल्या काळांत सरकारची दृष्टि चित्रपटावरहि वळली होती. सन १९१८ च्या कायद्यानंतर मुंबईस परीक्षक मंडळ बसलें होतें. प्रभातच्याच शिवचरित्रपर मूकपटाचें 'स्वराज्याचें तोरण' हें नांव बदलून तें 'उदयकाल' करावें लागलें. म्हणजे पोवाड्याला जें भोगावें लागलें, तें आतां पडद्याच्याहि वाट्याला आलें. अख्खी आळी एकत्र बसून जी गोष्ट पाहते, तिची धास्ती सत्तेला सारखीच वाटते.

कादंबरी वाचणें आणि तिचा चित्रपट पाहणें यांत मुख्य भेद काळाचा आहे. वाचक मध्येंच पुस्तक मिटतो, मागचें पान उलटतो, तानाजीच्या घरच्या मंडपांत जितका वेळ हवा तितका थांबतो. प्रेक्षकाला थांबतां येत नाहीं. दोन-अडीच तासांत लग्न, कारस्थान, चढाई, मृत्यु हें सारें उरकावयाचें असतें. त्यामुळें हरिभाऊंनीं ज्या शंकाकुशंका, मनाची घालमेल, पाल्हाळ करून सांगितली, ती पडद्यावर एका दृष्टिक्षेपांत आटोपावी लागते. उलट हरिभाऊंना जी गोष्ट शब्दांत फार कष्टानें साधावी लागते, ती म्हणजे कड्याची उंची, अंधाराची दाटी, खालीं लोंबणारा दोर. ती चित्र एका क्षणांत साधतें. कड्याचें वर्णन वाचून वाचकाला भय कळतें. कडा पाहून प्रेक्षकाच्या पोटांत खड्डा पडतो. या दोन अनुभवांत श्रेष्ठ कोणता, हा वाद निष्फळ आहे. पण एक तोटा दोघांतहि समान आहे. ढाल तुटल्यावर हात पुढें करणारा सभासदाचा तानाजी ज्या साधेपणानें उभा राहतो, तो साधेपणा कथानकाच्या गर्दींत हरवतो.

त्याहून मोठी गोष्ट अशी कीं, कल्पित पात्र एकदां लोकांच्या ओळखीचें झालें म्हणजे तें परत जात नाहीं. सन २०२० मध्यें ओम राऊत यांनीं दिग्दर्शित केलेला 'तान्हाजी' हा हिंदी चित्रपट निघाला. त्यांतहि उदेभानाच्या बंदींतली कमल आहेच. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं ज्या स्त्रीला कादंबरीनें मराठी घरांत आणलें, ती अशा रीतीनें देशभर पोंचली. तिला पाहिलेल्या मुलांना ती तानाजीइतकीच खरी वाटली तर नवल नाहीं. सिंहगड हें नांव तानाजीच्या मृत्यूनंतर पडलें, ही समजूतहि अशीच. तें नांव सन १६७० पूर्वींच्या कागदांत येतें. परंतु कादंबरीच्या नांवानेंच ती समजूत इतकी पक्की केली आहे कीं, कागदाचें कोणी ऐकत नाहीं.

आणि ज्या पराक्रमाला शाहीर, कादंबरीकार व चित्रकार लाभले नाहींत, त्याचें काय होतें, हें पाहण्यास नाशिककरांना दूर जावें लागत नाहीं. सिंहगड पडला त्याच १६७० सालच्या ऑक्टोबरांत, सुरतेहून परततांना, महाराजांनीं दाऊदखानाच्या मोगली फौजेशीं वणी-दिंडोरीजवळ उघड्या मैदानांत झुंज दिली व लूट सुखरूप पुढें नेली. रात्रीच्या छाप्याहून ही लढाई सामरिक दृष्ट्या लहान नव्हती. नाशकाच्या उत्तरेस, दिंडोरीच्या वाटेवर रामशेज उभा आहे. सन १६८२ मध्यें औरंगजेबाच्या शहाबुद्दीनखानानें त्याला वेढा घातला. किल्ल्यांत तोफा नव्हत्या, तेव्हां लोकांनीं लांकडाच्या तोफा करून त्यांवर चामडें मढविलें, असें खुद्द मोगलांकडचा इतिहासकार खाफीखान लिहितो. सरदार बदलले, वर्षें लोटलीं, गड हटला नाहीं. अखेर तो गेला तो तलवारीनें नव्हे, लांच देऊन. कादंबरीला यापेक्षां अधिक काय हवें? तरीहि मराठी घरांतलें पोर कोंढाण्याचा कडा डोळे मिटून सांगतें आणि रामशेजचें नांव निघतांच आईच्या तोंडाकडे पाहतें. रामशेज लढविणाऱ्यांच्या शौर्यांत उणें नव्हतें. त्यांना आपला तुळशीदास आणि आपला हरिभाऊ लाभला नाहीं, इतकेंच.

यावरून कादंबरी व चित्रपट यांस इतिहासाचे शत्रू ठरविणें चुकीचें होईल. हरिभाऊ नसते तर सभासदाचीं तीं दोन पानें अभ्यासकांच्या कपाटांतच राहिलीं असतीं. परंतु ज्या घरांत तानाजीचा चित्रपट पाहिला जातो, त्या घरांत कादंबरीहि वाचली जावी, आणि कादंबरी मिटल्यावर बखरीचीं तीं दोन पानेंहि उघडलीं जावींत. मग मुलांना आपोआप कळेल कीं, घोरपड शाहिराची, कमलकुमारी कादंबरीची, अंधारांतला तो प्रकाश कॅमेऱ्याचा. आणि ढाल तुटल्यावर पुढें केलेला डावा हात, तो मात्र तानाजीचा.